माइक मिळाला, गिटार कधी? भीमगीतांच्या मंचावरच्या मुली आणि इलेक्ट्रिक गिटार

एप्रिल महिन्यात ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही वस्तीतला भीमजयंतीचा कार्यक्रम पाहा. वागळे इस्टेट असो, लोकमान्यनगर असो, कळवा असो की कल्याण पूर्वेची कोळसेवाडी, मंचाची मांडणी साधारण सारखीच असते. पुढे माइकवर गायक-गायिका. मागच्या रांगेत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोलक, लीड गिटार आणि बेस गिटार. खाली मिक्सरवर साउंडवाला. माइकवर मुलगी असणे आता नवलाचे राहिलेले नाही. अनेक ठिकाणी कार्यक्रमाची खरी ओढ गायिकेचीच असते. पण मागच्या रांगेत, विशेषतः गिटार गळ्यात अडकवून उभी असलेली मुलगी, शोधूनही सापडत नाही. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचेही तेच. बेंजो हेसुद्धा तारांचे आणि विजेवर चालणारे वाद्य. तेही मुलांच्याच हातात.

असे का, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात. मुलींना आवडच नसते. बोटे नाजूक असतात. गिटार जड असते. रात्रीचे कार्यक्रम असतात. यातले शेवटचे उत्तर अर्धे खरे आहे, बाकीची तपासून घ्यावी लागतील. वस्तीपातळीवर मुलींबरोबर काम करताना मला जे दिसते ते असे: इलेक्ट्रिक गिटार शिकायला जागा, वेळ, वाद्य आणि सोबत या चार गोष्टी लागतात. मुलांना त्या न मागता मिळतात. मुलींना मागूनही मिळत नाहीत. आणि या चारही गोष्टी देऊ शकेल अशी एक संस्था आपल्या जवळपास प्रत्येक वस्तीत उभी आहे. ती म्हणजे विहार. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी बोटांचा प्रश्न

इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी हे समजून घेतले तर अर्धे गैरसमज गळून पडतात. या गिटारला साध्या गिटारसारखे पोकळ पोट नसते. तिचे अंग सहसा भरीव लाकडाचे असते. तारांच्या खाली चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात अगदी सूक्ष्म वीज तयार होते, ती केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि स्पीकरमधून आवाज येतो. म्हणजे आवाज मोठा करण्याचे काम वीज करते, मनगट नाही.

याचा परिणाम असा की इलेक्ट्रिक गिटारच्या तारा साध्या गिटारपेक्षा बारीक असतात, त्या पट्टीपासून कमी उंचीवर असतात आणि दाबायला मऊ लागतात. मानही अरुंद असते. वरच्या टोकाला तिची रुंदी साधारण ४२-४३ मिलिमीटर भरते, तर नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची ५२ मिलिमीटरच्या आसपास. लहान हातांसाठी कमी लांबीच्या तारांची मॉडेलेही मिळतात. मुलीची बोटे लहान आहेत म्हणून तिला साधी गिटार घेऊन देणारे आणि इलेक्ट्रिक गिटार मुलांची समजणारे पालक प्रत्यक्षात उलटे करत असतात.

वजनाचे म्हणाल तर बहुतेक इलेक्ट्रिक गिटार तीन ते साडेचार किलोच्या दरम्यान असतात, आणि ते वजन खांद्यावरच्या पट्ट्यावर पेलले जाते. याच ठाणे-डोंबिवलीत शेकडो मुली ढोल-ताशा पथकांत त्याहून जड ढोल कमरेला बांधून तासन् तास वाजवताना आपण पाहतो. डोंबिवलीत १९९९ पासून निघणारी गुढीपाडव्याची स्वागतयात्रा असो की ठाण्यातल्या मिरवणुका, ढोल वाजवणाऱ्या मुली आता बातमीचा विषय राहिलेल्या नाहीत.

ही पथके ज्या सणांभोवती फिरतात ते आपले सण नाहीत. त्यांच्यातली सामाजिक सरमिसळ किती खरी, हाही वेगळा प्रश्न आहे. पण त्यांची व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. वाद्य पथकाचे असते, मुलीच्या घरच्यांना ते विकत घ्यावे लागत नाही. सराव ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. एकटी मुलगी जात नाही, दहा-वीस मुली मिळून जातात. घरी सांगायला एक नाव असते: "पथकाच्या सरावाला जाते." एवढ्या चार गोष्टी जुळल्या आणि नाजूक बोटांचा प्रश्न कुठल्या कुठे गेला. जगातही हेच दिसते. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने २०१८ साली अमेरिका आणि ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत नव्याने गिटार घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आढळल्या. आवड असतेच. ती मंचापर्यंत का पोहोचत नाही, हे पाहायला हवे.

जागा, वेळ, वाद्य, सोबत

जागेपासून सुरुवात करू. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात. मुलगा गिटार घेऊन जिन्यात, गच्चीवर, मैदानाच्या कट्ट्यावर किंवा मित्राच्या खोलीवर बसू शकतो. त्याला कुणी विचारत नाही. मुलगी गच्चीवर तासभर बसली तर खालून तीन हाका येतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यावर केलेला अभ्यास २०११ साली पुस्तकरूपाने आला. त्यांचे एक निरीक्षण आपल्या वस्त्यांना तंतोतंत लागू पडते: स्त्रीला घराबाहेर असण्यासाठी काहीतरी काम असावे लागते. क्लास, नोकरी, बाजार, दवाखाना ही कामे चालतात. नुसते बसणे चालत नाही. आणि गिटार तर बसल्या-बसल्याच शिकली जाते. एकच तुकडा पन्नास वेळा वाजवायचा, चुकायचे, पुन्हा वाजवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामटेकडेपणा वाटतो.

वेळेचे गणित त्याहून कठीण आहे. मुलगी कॉलेज किंवा नोकरी करून लोकलने घरी येते तेव्हा स्वयंपाक, पाणी भरणे आणि धाकट्या भावंडांचा अभ्यास तिची वाट पाहत असतो. दादाचा सराव हा सराव असतो, ताईचा सराव हा कामातून काढलेला वेळ असतो. पुढे कार्यक्रम सुरू झाले की रात्र आड येते. आवाजाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशीच, जास्तीत जास्त पंधरा दिवस, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. तरीही आपले कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहत उशिरा सुरू होतात. वादकांना तर त्याआधी साउंड चेकला यायचे असते आणि शेवटी सामान आवरून निघायचे असते. गायिका दोन गाणी म्हणून लवकर जाऊ शकते, गिटारवादक जाऊ शकत नाही. मध्यरात्रीच्या लोकलने पाठीवर गिटारची बॅग घेऊन कल्याणहून कळव्याला परतणे मुलासाठी दमवणारे असते, मुलीसाठी घरात कायमचे भांडण लावणारे.

तिसरी गोष्ट वाद्य. साधी इलेक्ट्रिक गिटार आणि हेडफोनवर ऐकायचा छोटा ॲम्प यांचे मिळून साधारण पंधरा हजारांच्या आसपास भागते. त्यावर केबल, तारा आणि क्लासची फी. हातावर पोट असलेल्या घरात ही रक्कम मुलासाठीही सहज निघत नाही. पण मुलाने हट्ट केला, दोन कार्यक्रमांत वाजवून पैसे फेडीन म्हणाला, तर कुठून तरी उसनवारी होते, कारण त्याच्या वाजवण्यातून कमाई होईल अशी आशा असते. मुलीच्या वाजवण्याकडे हौस म्हणून पाहिले जाते. ती लग्न करून जाईल, मग गिटार कपाटावर धूळ खात पडेल, हा हिशेब न बोलता झालेला असतो. हुंड्यासाठी नाही तरी लग्नासाठी पैसे साठवणारे घर त्याच मुलीच्या वाद्यासाठी पैसे नाहीत म्हणते, तेव्हा प्रश्न फक्त गरिबीचा राहत नाही.

चौथी गोष्ट सोबत, आणि ती सगळ्यात कमी बोलली जाते. इलेक्ट्रिक गिटार पुस्तकातून किंवा क्लासमधून जेवढी शिकली जाते त्याहून जास्त दोस्तांत बसून शिकली जाते. कुठला पेडल कशाला, प्रोसेसरवर आवाज कसा लावायचा, गायकाने पट्टी बदलली तर पटकन काय करायचे, बिदागी किती मागायची, कुठला आयोजक पैसे बुडवतो, हे सारे ज्ञान मुलांच्या कट्ट्यावर फिरते. ब्रिटनमधल्या अभ्यासक मेव्हिस बेटन यांनी नव्वदच्या दशकात स्त्रिया आणि इलेक्ट्रिक गिटार यांवर लिहिताना हेच नोंदवले: वाद्यांची दुकाने, सरावाच्या खोल्या, तांत्रिक बोलणे, सगळे वातावरण पुरुषांचे, आणि मुलींना त्यात शिरायलाच वाव नाही. ब्रिटनमधले ते चित्र आपल्या साउंडवाल्याच्या गोडाऊनपेक्षा फारसे वेगळे नाही. मुलगी वाद्याच्या दुकानात गेली की दुकानदार तिच्याबरोबरच्या मुलाशी बोलतो. ती मंचावर केबल जोडू लागली की कुणीतरी येऊन हातातून घेतो. मदत म्हणूनच घेतो, पण त्यामुळे ती केबल जोडायला कधी शिकत नाही.

एवढे करून जी मंचावर उभी राहते तिला मोबाइलच्या कॅमेऱ्यांना तोंड द्यावे लागते. मुलाचा सूर चुकला तर तो त्या दिवशी चुकला. मुलीचा चुकला तर मुलींना जमत नाही. व्हिडिओखाली वाजवण्याबद्दल कमी आणि कपड्यांबद्दल जास्त लिहिले जाते. काश्मीरमधल्या 'प्रगाश' या शाळकरी मुलींच्या बँडने डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरला पहिल्यांदा जाहीर वादन केले. समाजमाध्यमांवरची शिवीगाळ आणि नंतर आलेला फतवा यांमुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये तो बँड बंद पडला. ही गोष्ट सांगून दुसऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. आपल्याकडे फतवा निघत नाही. 'लोक काय म्हणतील' एवढ्यावर काम भागते.

गळा चालतो, वाद्य का चालत नाही?

इथे आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहावे लागेल. आंबेडकरी समाजात स्त्रीच्या मंचावर येण्याबद्दल जी धास्ती आहे ती आकाशातून पडलेली नाही. जातिव्यवस्थेने आपल्या आयाबहिणींना मुरळी, जोगतीण बनवले, तमाशाच्या फडात नाचवले आणि वर त्यांनाच हलके ठरवले. पट्ठे बापूराव आणि पवळा यांच्या फडाची लोकप्रियता सगळ्यांना माहीत आहे. बापूराव ब्राह्मण, पवळा महार, आणि दोघांच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा सारखी नव्हती. जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्याच काळात भीमराव कर्डक आणि इतरांनी उभ्या केलेल्या आंबेडकरी जलशाने तमाशातला शृंगार वगळून मंच प्रबोधनाचा केला. तो मंच प्रामुख्याने पुरुषांचा होता. त्या काळात स्त्रीला त्या नजरेपासून दूर ठेवणे हा मुक्तीचाच भाग होता. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाड्यावरच्या आपल्या लेखनात जात, लिंगभाव आणि लोककला यांची ही गुंतागुंत उलगडून दाखवली आहे.

पण बाबासाहेबांचा विरोध जातीने लादलेल्या धंद्याला होता, स्त्रीच्या कौशल्याला नव्हता. १९२७ च्या महाडच्या लढ्यात आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत स्त्रिया सार्वजनिक मंचावर आल्याच. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी असे बाबासाहेब त्या परिषदेत म्हणाले, हे आपण दर सभेत ऐकतो. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. तारवाद्य हातात धरणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

पुढे भीमगीतांतून गायिका आल्या. कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाइलमुळे घराघरांत पोहोचल्या. मीराबाई उमप दिमडी वाजवत गातात. म्हणजे आपल्या समाजाने वाद्य धरलेली स्त्री पाहिलेली आहे आणि तिला डोक्यावर घेतलेले आहे. मग गिटार का अडते? ब्रिटिश अभ्यासक ल्युसी ग्रीन यांची मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते गाणाऱ्या बाईत लोकांना फारसे खटकत नाही, कारण आवाज तिच्या शरीराचाच असतो आणि 'बाईपणा'च्या रूढ कल्पनेला त्याने धक्का लागत नाही. वाद्य आले की मध्ये तंत्र येते. लोकांना तिचे कौशल्य पाहावे लागते, आणि वाद्य जितके मोठ्या आवाजाचे, जितके यांत्रिक, तितकी अडचण वाढते. एकतारी गाण्याला साथ देते. लीड गिटार गाणे थांबल्यावर दोन कडव्यांच्या मध्ये स्वतः बोलते. त्या आठ-दहा सेकंदांत सगळा मंच तिचा असतो. ती जागा अजून मुलींना मिळालेली नाही.

पुरोगामी मंचही याला अपवाद नाहीत. पा. रंजित यांच्या नीलम संस्थेच्या पुढाकाराने चेन्नईत उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडने गाना आणि परई यांच्याबरोबर इलेक्ट्रिक गिटार वापरून जातीविरोधी संगीताला देशभर नाव मिळवून दिले. त्याच्या सुरुवातीच्या चमूत गायिका इसैवाणी ही एकटी स्त्री होती. पुरुषी समजल्या गेलेल्या गाना प्रकारात तिने जागा केली आणि २०२० साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचे नाव आले. तिचे यश मोठेच आहे. पण तिथेही स्त्रीच्या वाट्याला माइकच आला.

एक काळजी इथे घ्यायला हवी. गिटार वाजवणारी मुलगी 'सभ्य' आणि लावणी करणारी बाई 'असभ्य' असा नवा भेद आपण तयार करू नये. तो भेद जुन्या जातीच्या उतरंडीचाच दुसरा अवतार होईल. कोण कुठले काम स्वतः निवडते आणि त्याचा मोबदला व मान कुणाला मिळतो, हा आपला प्रश्न आहे.

ज्या वाजवू शकल्या, त्या कशा?

जिथे स्त्रिया वाद्यापर्यंत पोहोचल्या तिथे तीनपैकी एक दार उघडे असल्याचे दिसते.

पहिले दार घराचे. मुंबईची बेस गिटारवादक मोहिनी डे आज जगभर वाजवते, ए. आर. रहमान यांच्याबरोबर तिने वाजवले आहे. तिचे वडील स्वतः बेसवादक. वाद्य घरात होते, शिकवणारा घरात होता. शास्त्रीय संगीतातही एन. राजम् यांच्यासारख्या अनेक स्त्री वादक वडिलांकडे शिकल्या. आपल्या वस्तीतल्या किती मुलींचे वडील गिटारवादक असतात? घराच्या दारावर विसंबले तर पिढ्या जातील.

दुसरे दार प्रार्थनास्थळाचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे पाहून १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या आपल्या समाजाला सिस्टर रोझेटा थार्प हे नाव माहीत असायला हवे. १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मलेली ही काळी मुलगी आईबरोबर चर्चमध्ये लहानपणापासून गिटार वाजवत गाऊ लागली. पुढे ती इलेक्ट्रिक गिटारवर असे वाजवू लागली की रॉक अँड रोलचे मोठमोठे पुरुष कलाकार तिचे ऋण मानू लागले. १९७३ साली ती गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली २०१८ साली. एल्व्हिस प्रेस्लीला ती १९८६ मध्येच मिळाली होती. वर्ण आणि लिंग दोन्ही आडवे आले की मान मिळायला किती उशीर होतो, याचा हा हिशेब. तरी ती वादक झाली ती चर्चमुळे. आपल्या शेजारच्या गोव्यात चर्चच्या शाळांनी गरीब घरांतल्या मुलांना शतकानुशतके स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले. त्यातूनच मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला वादकांची फौज मिळाली. तिथेही दार प्रामुख्याने मुलग्यांसाठी उघडे होते. पण एखादी धार्मिक संस्था वाद्य आणि शिक्षण फुकट देते तेव्हा एका पिढीत काय बदलू शकते, हे त्यावरून कळते.

तिसरे दार संघटनेचे. बिहारमध्ये पाटण्याजवळ दानापूरच्या ढिबरा गावात दलित शेतमजूर स्त्रियांनी 'नारी गुंजन' या संस्थेच्या मदतीने स्वतःचा बँड उभा केला. पुरुषांचेच समजले जाणारे ढोल-ताशे त्यांनी गळ्यात अडकवले. आधी गावाने टिंगल केली, घरच्यांनी अडवले. मग लग्नकार्याच्या सुपाऱ्या येऊ लागल्या, हातात पैसे आले आणि टिंगल थांबली. त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी संगीताची परंपरा नव्हती. संस्थेने जागा, वाद्ये, शिक्षक आणि गट दिला.

विहारात गिटार?

आपल्याकडे दुसरे आणि तिसरे दार एकच आहे: विहार. पण विहार म्हटले की ज्येष्ठांचा एक आक्षेप येतो. नाच-गाणे-वादनापासून दूर राहावे असे शील आहे, मग विहारात गिटार कशी? आक्षेप आदराने ऐकावा आणि उत्तरही द्यावे. ते शील उपोसथाच्या दिवशी पाळायच्या अष्टशीलातले आहे. उपासक-उपासिकांच्या रोजच्या पंचशीलात ते नाही. ज्या दिवशी अष्टशील घेतले त्या दिवशी सराव ठेवू नये, वंदनेच्या आणि धम्मवर्गाच्या वेळी ठेवू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

बुद्धांच्या वाङ्मयात तारवाद्य परके नाही. वीर्याचा अतिरेक करणाऱ्या सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेच्याच तारेचे उदाहरण दिले: फार ताणलेली तार वाजत नाही, ढिली तारही वाजत नाही. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा वाजवत गातो, आणि त्याच्या तारेचा स्वर व गळा एकमेकांशी जुळतात असे बुद्ध त्याला सांगतात. स्त्री वादकांचे म्हणाल तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातले महाजनक जातकाचे चित्र पाहा किंवा औरंगाबाद लेणीतल्या सातव्या लेण्यातले नृत्याचे शिल्प पाहा. नर्तिकेभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियाच आहेत. दरवर्षी सहलीला जाऊन आपण त्यांच्यासमोर फोटो काढतो.

आवाजाची भीतीही अनाठायी आहे. ॲम्पला न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार इतकी हळू वाजते की भिंतीपलीकडे ऐकू जात नाही. हेडफोन लावला तर वाजवणारीला पूर्ण आवाज आणि शेजाऱ्यांना शांतता. चाळीत आणि विहारात सरावासाठी ढोलकीपेक्षा हे वाद्य सोयीचे आहे.

करता येण्यासारखे

पहिले, वाद्य विहाराच्या मालकीचे असावे. दोन गिटार, एक बेस, दोन हेडफोन ॲम्प एवढ्यावर दहा मुलींचा वर्ग चालू शकतो. जयंतीतल्या एका रात्रीच्या साउंड-लाइटच्या खर्चात हे बसते. वाद्य घरी नेण्यासाठी ग्रंथालयासारखी वही ठेवावी.

दुसरे, सरावाची वेळ संध्याकाळची, ठरलेली आणि घरच्यांना माहीत असलेली असावी. सुरुवातीला फक्त मुलींची तुकडी असावी. नवे शिकताना चुकायला मोकळीक लागते. पुढे मिश्र सराव आलाच पाहिजे, नाहीतर मुलींचा बँड वर्षातून एकदा महिला दिनाला दाखवायची वस्तू होईल.

तिसरे, गिटारबरोबर केबल, मिक्सर आणि साउंडचे कामही मुलींना शिकवावे. महिलांसाठीचे प्रशिक्षण म्हटले की शिलाई, ब्युटी पार्लर आणि मेहंदी यांपलीकडे विचार जात नाही. साउंडचे काम हा पोट भरणारा व्यवसाय आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या महिला व बालकल्याण विभागांकडे अशा प्रशिक्षणाची लेखी मागणी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

चौथे, कार्यक्रमाची शिस्त. साउंड चेक उजेडात व्हावा, कार्यक्रम वेळेत सुरू होऊन दहाच्या आत संपावा, दूरच्या वादकांच्या परतीच्या वाहनाचा खर्च आयोजकांनी द्यावा. याचा फायदा मुलांनाही होतो. बिदागी मुलीला मुलाइतकीच, आणि तिच्या हातात द्यावी, भावाच्या नाही.

पाचवे, सुरक्षितता. ऑर्केस्ट्रा हे कामाचे ठिकाण आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती प्रत्येक गायिकेला आणि वादक मुलीला द्यावी. जयंती समितीत तक्रार ऐकणारी एक ज्येष्ठ स्त्री नेमलेली असावी आणि तिचे नाव सगळ्यांना माहीत असावे.

शेवटचे सगळ्यात सोपे आहे. जयंती समितीच्या बैठका जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतात. वर्गणी, बॅनर, मिरवणुकीचा मार्ग, पाहुणे आणि ऑर्केस्ट्रा ठरवला जातो. त्याच बैठकीत एक विषय वाढवा: यंदा मंचावर निदान एक गाणे असे असेल ज्यात लीड गिटार आपल्या वस्तीतली मुलगी वाजवेल. जानेवारीत सुरुवात केली तर एप्रिलपर्यंत साध्या चालीचे एक भीमगीत बसवता येते. कदाचित ती दोन ठिकाणी चुकेल. मुलेही चुकतात, आपण टाळ्या वाजवतो. तिच्यासाठीही वाजवू, आणि पुढच्या वर्षी दोन गाणी देऊ.

जय भीम. नमो बुद्धाय.